प्लॉट नंबर सत्तावीस, पाथर्डी फाटा

रस्त्याकडे एकही खिडकी नको,
म्हणाले पुंडलिक जेजुरकर, पहिल्याच भेटीत,
आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसून राहिले,
जणू खुर्चीसुद्धा कुणी मोजून दिलेली.

मी म्हटलं, पांडवलेण्याचा डोंगर दिसतो तिथून,
तो तरी?
म्हणाले, डोंगर दिसतो म्हणजे
डोंगरावरनं आपणही दिसतो.

चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, नाशिकरोडला.
कोरे कागद मोजले, छापलेले मोजले,
रद्द झालेले तर दोनदा मोजले.
आणि रोज सुटीच्या भोंग्याला
रांगेत उभं राहून हात वर.
काखा, खिसे, डब्याचं झाकण, चपलेचा तळ.
"तक्रार नाही," म्हणाले, "कामच तसलं.
त्यांच्या जागी मी असतो तर मीही तपासलं असतं."
मग चहा न पिताच उठले.

मी ट्रेसिंग पेपर पसरला.
चाळीस बाय साठ, पश्चिमेला रस्ता,
महापालिकेचं सामासिक अंतर सोडून
काळ्या दगडाची एक सलग भिंत काढली,
आणि खोल्या सगळ्या आत वळवल्या,
डिसेंबरात शेकोटीभोवती माणसं वळतात तशा.
मधोमध चौक. अकरा बाय चौदा.

अडचण वरून आली.
शेजारच्या सोसायटीचा तिसरा मजला,
तिथली बाल्कनी, बाल्कनीतला झोपाळा,
झोपाळ्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक.
त्यांच्या डोळ्यापासून मी रेष ओढली,
ती थेट आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पडली.
आठ दिवस त्या रेषेशी भांडले.
शेवटी वर तिरक्या पट्ट्या टाकल्या सिमेंटच्या,
अशा कोनात
की ऊन येईल, मुख्याध्यापक येणार नाहीत.

मंगळवारी रत्नप्रभाबाई एकट्या आल्या.
पिशवीत द्राक्षं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"भिंतीला एक फट ठेवा."
केवढी?
त्यांनी चार बोटं आडवी धरली.
किती उंचीवर?
त्या ऑफिसच्या फरशीवर मांडी घालून बसल्या,
मी टेप लावला.
एक फूट नऊ इंच, रस्त्याकडे किंचित उतरती.
"मेथी निवडताना नुसते पाय दिसले तरी पुरे.
पायावरनं कळतं मला कोण चाललंय, किती थकलंय.
ह्यांचंही पायांवरनंच कळायचं,
आज किती वेळ उभं केलं ते."

नकाशात मी तिथे लिहिलं : वायुवीजन.
जेजुरकरांनी चष्मा पुसून पानापानावर सही केली.
बनावट नोट बोटानं ओळखणारा माणूस.
त्या शब्दावर बोट थांबलं त्यांचं,
मग पुढे सरकलं.

वास्तुशांतीनंतर महिन्याने गेले,
स्लॅबला ओल येतेय का बघायला.
साडेपाच झाले होते.
अंबडकडून कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा आला,
भिंत ओलांडून,
आवाजाची रेष मी काढलीच नव्हती.
जेजुरकर चौकात उभे होते.
त्यांचे हात आपोआप वर गेले,
खांद्यापर्यंत, तळवे पुढे.
समोर कुणी नव्हतं.
मी नजर वळवली.
नजर वळवायला त्या घरात
जागा ठेवलीय का मी, आठवेना.

बाई बादली घेऊन बाहेर आल्या.
एका हातावर ओला टॉवेल टाकला, दुसऱ्यावर परकर.
"राहा असेच. मॅडमनी दोरीला
एक खुंटीसुद्धा दिली नाही कुठे."

खरंच. पाच वेळा बदललेल्या नकाशात
कपडे वाळत घालायची जागा नव्हती.
मी पर्समधून टेप काढला.
ते हलले नाहीत.
टॉवेलातून पाणी ठिबकत होतं नव्या फरशीवर.
म्हणाले,
"मोजा सावकाश. घाई नाही."